घट्ट ऑइल

वैद्यबुवांनी आयुष्यात माणसाची नाडी कधी पाहिली नव्हती. ते पाहायचे ती इंजिनाची. गाडी गॅरेजात आली की बॉनेट उघडायचं, चालू इंजिनावर उजव्या हाताचा तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांनी सांगायचं, "दुसऱ्या सिलिंडरचा प्लग." बहुतेक वेळा तोच निघायचा. मग ऑइलची पट्टी उपसायची, एक थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचा, नाकाशी न्यायचा आणि फारच शंका आली तर जिभेच्या टोकालाही लावायचा. बायको म्हणायची, "घरी भाजीत मीठ आहे का सांगा म्हटलं तर यांना कळत नाही, आणि तिकडे ऑइल चाटून गाडीचं वय सांगतात!" यावर ते खूश व्हायचे. खूश झाले की मिशीतल्या मिशीत हसायचे, बाकी चेहरा तसाच.

एक्केचाळीस वर्षं हा धंदा केला माणसाने. नाव चांगलं होतं, हात सोन्याचा होता, लबाडी नव्हती. दोष एकच, आणि तोही गावभर माहीत असलेला: कागद वाचायचा कंटाळा. वाचता येत नव्हतं असं नाही हो, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. पण गाडीबरोबर येणारं पुस्तक उघडणं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटायचा. "पुस्तक लिहिणाऱ्याने कधी हात काळे केलेत का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. आता याला काय उत्तर देणार!

आणि नेमका जावई मिळाला तो औषधांच्या दुकानातला. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय खोकल्याचं औषधसुद्धा घशाखाली न घालणारा. गरीब माणूस, हळू बोलणारा. सासऱ्यापुढे तर बोलायचाच नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने गाडी घेतली. लांबीला साध्या मोटारीएवढी, पण आत तीन रांगा आणि सात माणसांची जागा. दोन्ही अंगांना सरकणारी दारं. रंग निळा. नात तेव्हा सहा वर्षांची होती, तिने गाडीचं नाव ठेवलं डबी.

वैद्यबुवांनी डबीचं बॉनेट उघडलं आणि पोट धरून हसले. तीन सिलिंडर, पेट्रोल, आकार एक लिटरचा. "अहो जावईबापू, हे इंजिन आहे की शिवणयंत्र? सात माणसं ओढणार हे?"

"त्याला टर्बो आहे बाबा," जावई म्हणाला. "बाहेर जाणाऱ्या धुरावर पंखा फिरतो आणि तो हवा आत कोंबतो. म्हणून लहान असून ताकद आहे."

"म्हणजे उसनं अवसान!"

ओढत मात्र होती हो ती. चढावर वैद्यबुवांची जुनी डिझेल जीप धापा टाकायची आणि डबी शेजारून सुळ्ळकन निघून जायची. ते त्यांना लागायचं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे गाड्यांच्या बाबतीतही खरंच असतं. पण लेकीची गाडी म्हणजे घरची गाडी. ती कंपनीच्या शोरूममधल्या पोरासोरांच्या हातात कशी द्यायची? पहिल्या सर्व्हिसलाच त्यांनी ती आपल्या गॅरेजात आणून लावली.

जावयाने ऑइलचा नवा डबा आणला होता, पुस्तकात लिहिलं होतं तोच. वैद्यबुवांनी झाकण काढून बोट बुडवलं. ऑइल बोटावरून ओघळून गेलं, मागे काही राहिलंच नाही.

"हे पाणी घालू होय मी माझ्या लेकीच्या गाडीत?"

"बाबा, इथे लिहिलंय," जावयाने ऑइल भरायच्या तोंडाजवळचा पिवळा स्टिकर दाखवला. "फक्त याच नंबरचं वापरा, नाहीतर इंजिनाला धोका."

"स्टिकर वाचून गाड्या चालत्या तर मी किराणा दुकान टाकलं असतं." आणि हे म्हणता म्हणता त्यांनी अंगठ्याच्या नखाने तो स्टिकर खरवडून काढला. राहिलेला डिंक पेट्रोलच्या फडक्याने पुसला. मग कपाटातून आपलं ठेवणीतलं ऑइल काढलं. घट्ट, मधाच्या रंगाचं, मोठ्या डिझेल इंजिनांचं. घरच्या आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या गाडीतच ते जायचं. ते प्रेमाने घातलं, हे लक्षात ठेवा. दोन वर्षांत तीन वेळा घातलं.

जावई गप्प बसला. लेक म्हणाली, "अहो, बाबांनी हात लावलाय म्हणजे प्रश्नच मिटला." ती लहानपणी त्याच गॅरेजात टायरवर बसून पाढे पाठ करायची. बापाच्या हातावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास. आणि आईचं तेच पोरीने उचललं. आजोबांच्या जीपला मागे समोरासमोर बाकं होती, धरायला मध्ये लोखंडी दांडी होती. नात ती दांडी कधी धरत नसे. खड्डा आला की दोन्ही हात वर करून ओरडायची, "आजोबांनी केलीय गाडी, काही होत नाही!" आजोबांना तो दिवस पुरायचा.

आता त्या दिवसाकडे येऊ.

सकाळी दहाला डबी निघाली. घाटापलीकडे जावयाची बहीण राहायची, तिच्याकडे दोन दिवस. जावई चालवायला, लेक शेजारी, मधल्या रांगेत आजी, नात आणि दीड वर्षाचा नातू. वैद्यबुवाही जाणार होते, पण गॅरेजात एक गाडी दोरीने ओढून आणली होती आणि तिचा मालक घायकुतीला आला होता. "तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. टायर दाबून पाहिले, बॉनेटवर थाप मारली आणि डबी गेली.

ओढून आणलेली गाडी डबीचीच जुळी बहीण होती. तेच मॉडेल, रंग पांढरा. मालक शिंपी, वैद्यबुवांचं जुनं गिऱ्हाईक. "काल उतारावर अचानक लाल दिवा लागला," तो सांगत होता. "आणि ब्रेक! पेडल दगड झालं हो. दोन्ही पायांनी उभा राहिलो त्याच्यावर. समोर वाळूचा ढीग नसता तर आज तुम्ही माझ्या फोटोपुढे उभे असता."

वैद्यबुवांनी तळवा ठेवला, पण इंजिन बंद. मेलेल्या माणसाची नाडी काय सांगणार? त्यांनी ऑइल सोडलं, खाली शिरून इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर उतरवलं. ऑइल ओढून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळी असते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर काळ्या चुऱ्याचा थर बसला होता. त्यांनी चिमूट उचलली, चोळली, वास घेतला.

रबर.

"ऑइलच्या चेंबरात रबर कुठून आलं रे?" त्यांनी वायरमनला विचारलं. वायरमन म्हणजे गॅरेजातला त्यांचा भागीदार, वीस वर्षांचा सोबती. गाड्यांची वायरिंग आणि गावाच्या चेष्टा ही त्याची दोन खाती.

"तुमच्या मिशीतून पडलं असेल," वायरमन म्हणाला. पण वैद्यबुवा हसले नाहीत तेव्हा त्याने स्पेअर पार्टवाल्याला फोन लावला. बराच वेळ हं हं करत ऐकलं. फोन ठेवला तेव्हा त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

"या इंजिनात टायमिंगचा पट्टा बाहेर नसतो म्हणे. आत असतो. ऑइलमध्ये भिजतच फिरतो."

"काहीतरी बडबडू नकोस. पट्ट्याला ऑइल लागलं की पट्टा मेला. धंद्यात पाऊल टाकलं त्या दिवशी हे शिकलो मी."

"जुना पट्टा. हा वेगळ्या रबराचा आहे. एका ठरावीक ऑइलमध्येच टिकतो. दुसरं घातलं की फुगतो आणि त्याचा भुगा होतो. भुगा जाळीत अडकला की इंजिनाला ऑइल नाही. आणि ब्रेकला जोर देणारा जो पंप आहे, तोही त्याच ऑइलवर. तो गेला की पेडल दगड." वायरमन थांबला. "शिंप्याच्या गाडीत आपण कुठलं ऑइल घातलं होतं?"

वैद्यबुवांच्या हातातलं चेंबर सुटून फरशीवर आदळलं.  शिंप्याच्या गाडीत ते ठेवणीतलं ऑइल एकदा घातलं होतं. डबीत तीनदा.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले होते.

आता सांगतो ते वैद्यबुवांना आयुष्यभर पुरणार आहे. त्यांनी खिशातून फोन काढला, जावयाचं नाव पुढे आणलं, अंगठा वर धरला आणि तिथेच थांबले. काय सांगायचं? तुमचा स्टिकर खरा होता? ज्या माणसाला दोन वर्षं उंटावरचा शहाणा म्हणून हिणवलं, त्याला बायकोपोरांसमोर सांगायचं की मी चुकलो? आधी खात्री तर करून घेऊ. शिंपी निष्काळजी माणूस, त्याने ऑइल कमी होऊ दिलं असेल. पार्टवाल्याला काय अक्कल! त्यांनी फोन खिशात टाकला. हात साबणाने धुतले, दोनदा. पांढऱ्या गाडीचा वरचा पत्रा काढला. आत पट्टा होता. काठ उसवलेले, पाठीला भेगा, नखाने ओढलं तर तुकडा हातात येत होता. शितावरून भाताची परीक्षा झाली होती, तरी ते आणखी दोन शितं चाचपत बसले. वायरमन म्हणत होता, "अहो, आधी फोन करा!" आणि ते म्हणत होते, "करतो रे, करतो."

त्यांनी फोन केला तेव्हा सव्वाबारा झाले होते.

जावयाचा फोन लागला नाही. लेकीचा लागला नाही. बायकोचा लागला नाही. तिन्ही ठिकाणी तीच बाई त्याच गोड आवाजात सांगत होती की संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहेत. घाट लागला होता. घाटात फोन चालत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"तुम्ही निघा," वायरमन म्हणाला. त्याने जीपची चावी त्यांच्या हातात कोंबली. "पोलिसांना, टोइंगवाल्याला, सगळ्यांना मी फोन करतो. निघा आधी!"

पांढऱ्या गाडीच्या पट्ट्याचा नखाने काढलेला चुरा बॉनेटच्या काठावर पडला होता. तो त्यांनी शर्टाच्या खिशात टाकला आणि जीप काढली.

घाटाच्या पायथ्यापर्यंत साठ किलोमीटर. जीप सत्तरच्या वर पळत नव्हती. पळवली की स्टिअरिंग थरथरायचं. एरवी ते तिला म्हातारे म्हणून चुचकारायचे, आज शिव्या घातल्या.  मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. डोळ्यांपुढे सारखी तीच गोष्ट येत होती: दिवा लागतो, पेडल खाली जात नाही, जावई पुन्हा दाबतो, मागून बायको विचारते काय झालं, आणि समोर वळण. तिथे ते डोळे मिचकावून रस्त्याकडे पाहायचे. दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून तेच.

आणि इतकी वर्षं किती गाड्यांत ते ऑइल घातलं? त्यांतल्या किती या जातीच्या? तो विचार त्यांनी ढकलून दिला. एका वेळी एकच भीती पेलवते माणसाला.

पायथ्याशी चहाची टपरी होती. त्यांनी जीप चालूच ठेवून मालकिणीला विचारलं, "निळी छोटी व्हॅन? सरकणारी दारं, एक मुलगी, एक तान्हं पोर?"

"होती की. या बाकावरच बसले होते. पोराचं दूध गरम करून दिलं मी."

"कधी गेले?"

"बारा वाजून गेले होते. सायरन झाला ना कारखान्याचा, त्यानंतर उठले."

वैद्यबुवांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. पावणेबाराला अंगठा वर धरला होता तेव्हा ती सगळी या बाकावर बसून चहा पीत होती. समोर मोबाईलचा मनोरा उभा होता.

"बरं नाही का?" मालकिणीने विचारलं. त्यांनी मान हलवली आणि गिअर टाकला.

चढ. जीप दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होती. इंजिन तापल्याचा काटा वर सरकला, तो त्यांनी पाहून न पाहिल्यासारखा केला. प्रत्येक वळणावर दरीच्या बाजूचा कठडा ते नजरेने तपासत होते. एका ठिकाणी तो फुटलेला दिसला तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. पण फुटक्या दगडांवर शेवाळ होतं, जुनी मोडतोड होती. पुढे एका वळणावर माणसं जमून दरीत वाकून पाहत होती. वैद्यबुवांनी जीप आडवी सोडली आणि धावले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखणारा, धावला. "काय झालं? कोण पडलं?"

"माझी ताडपत्री उडाली खाली," ट्रकवाला म्हणाला. "निळी आहे बघा, दिसतेय का?"

खाली झुडपांत निळं काहीतरी चमकत होतं. ताडपत्रीच होती ती. तरी वैद्यबुवा पाहत राहिले. ताडपत्रीच आहे हे पटायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते तिथेच कठड्यावर बसले. ट्रकवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"निळी व्हॅन?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"माथ्यापलीकडे उतारावर एक उभी आहे खरी. डोंगराच्या अंगाला. मला थांबायला जागा नव्हती."

"माणसं?"

"ते काय मी पाहिलं नाही बुवा."

माथा आला, गेला. उतार लागला. वैद्यबुवा तोंडाने मोठ्याने वळणं मोजत होते. एक. दोन. तिसऱ्या वळणावर रस्त्यावर काचेचा चुरा होता. चौथ्या वळणाच्या पुढे डबी होती. डावी चाकं डोंगराकडच्या गटारात, डावं अंग खडकाला घासून पत्रा उसवलेला, आरसा लोंबकळत. दारं उघडी. आत कोणी नव्हतं.

"अगं!" ते ओरडले. कोणाला ओरडले ते त्यांनाही कळलं नाही.

"आजोबा!"

खडकाच्या सावलीत चादर पसरून सगळी बसली होती. सगळी. त्यांनी मोजली. पाच. पुन्हा मोजली. बायकोच्या कपाळावर टेंगूळ, नातू तिच्या मांडीवर झोपलेला, जावयाच्या हाताला रुमाल बांधलेला. लेक धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. तिच्या खांद्यावरून ते हुंदके देऊन रडले. लेकीने बापाला रडताना आयुष्यात पाहिलं नव्हतं. तीच घाबरली.

"अहो बाबा, आम्ही ठीक आहोत. काही झालं नाही. तुम्हाला कोणी सांगितलं?"

नातीला धीर नव्हता. "आजोबा, लाल दिवा लागला होता! वर, डोंगरावर! बाबा म्हणाले थांबू या, पुस्तकात लिहिलंय की लगेच थांबायचं. आणि आई म्हणाली, काही नको थांबायला, आजोबांनी हात लावलाय, दिवाच खोटा असेल. मग आम्ही गेलो. मग ब्रेक लागेना. मग बाबांनी हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराला घासली. खर्र्र असा आवाज आला!"

वैद्यबुवांनी जावयाकडे पाहिलं. जावई खाली पाहत होता. त्याच्या शेजारी चादरीवर गाडीचं पुस्तक उघडं पडलं होतं.

"कंपनीच भिकार आहे," लेक डोळे पुसत म्हणाली. "मी यांना तेच सांगतेय मघापासून. बाबांसारखा माणूस सर्व्हिस करतोय आणि तरी असं होतं म्हणजे मुळात बनवलीच वाईट. मी तक्रार करणार. बाबा, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतील."

झालं! सुटकेचं दार लेकीने स्वतःच उघडून दिलं होतं. स्टिकर दोन वर्षांपूर्वीच खरवडलेला. ऑइल काळं झालेलं, त्याच्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नव्हतं. नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. जावई कधीच काही बोलला नसता, तो स्वभावच नव्हता त्याचा. वैद्यबुवांच्या मनात ते आलं, आलं नाही असं म्हणणं खोटं होईल. त्यांनी तोंड उघडलंही. मग त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

त्यांनी मूठ लेकीपुढे उघडली. तळव्यावर काळा चुरा होता.

"हा पट्टा आहे. असाच पट्टा तुझ्या गाडीत आहे. माझ्या ऑइलने तो कुजवला. जावईबापूंनी स्टिकर दाखवला होता, मी तो नखाने काढला. कंपनीचं काही नाही यात. मी केलं हे."

लेक चुऱ्याकडे पाहत राहिली. "पण तुम्ही तर चांगलं ऑइल घातलं होतं," ती म्हणाली. लहानपणी पाढा चुकला की ती असंच, हट्टाने, पुन्हा तेच म्हणायची.

"हो. मला चांगलं वाटलं ते."

बायको चुऱ्याकडे नाही, नवऱ्याकडे पाहत होती. अडतीस वर्षं संसार केलेली बाई, तिला नवऱ्याच्या तोंडावरची प्रत्येक रेघ पाठ. तिने नातवाच्या डोक्यावरची माशी हाकलली आणि विचारलं, "तुम्हाला हे कळलं कधी?"

"पावणेबाराला."

"आणि फोन केव्हा केलात?"

घाटात वारा सुटला होता. पुस्तकाची पानं फडफडत होती. जावयाने वाकून पुस्तक मिटलं.

"सव्वाबाराला," वैद्यबुवा म्हणाले.

"बाराला आम्ही टपरीवर होतो," बायको म्हणाली. मग तिने टेंगळाला हात लावला, हात काढला. लेकीने बापाच्या दंडावरचा आपला हात केव्हा काढून घेतला ते कोणाला कळलं नाही. वैद्यबुवांना कळलं.

शेवटी जावईच उठला. "उन्हात नको बसायला," तो म्हणाला. "बाबा, जीपमध्ये मावू सगळे. डबीला टोइंगवाला घेऊन जाईल. खाली जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडे निरोप दिलाय."

सामान हलवलं. वैद्यबुवा जीपच्या खाली शिरले, ब्रेकच्या नळ्या हाताने चाचपल्या, बाहेर आले, पुन्हा शिरले. तिसऱ्यांदा बाहेर आले तरी बोटांचं खरं मानावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. ऑइलचा थेंब चोळून गाडीचं वय सांगणारी ती बोटं. त्यांनी बोटांकडे पाहिलं आणि चावी जावयापुढे धरली. ही जीप सव्वीस वर्षांत दुसऱ्या कोणी चालवली नव्हती, वायरमननेसुद्धा नाही.

"तुम्ही चालवा."

"बाबा, मला हिची सवय नाही."

"तुम्ही चालवा," ते म्हणाले. "आणि हळू घ्या. काही शंका आली तर मला विचारू नका. थांबवा."

बायको नातवाला घेऊन पुढे बसली. मागच्या बाकावर लेक, समोर वैद्यबुवा आणि त्यांच्या शेजारी नात. जावयाने जागच्या जागी ब्रेक तीनदा दाबून पाहिला, मग गाडी हलवली. उरलेली सात वळणं होती. प्रत्येक वळणाला वैद्यबुवांचा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबत होता.

नात बराच वेळ चादरीच्या घडीशी चाळा करत होती. मग तिने विचारलं, "आजोबा, या जीपचं सगळं तुम्हीच करता ना?"

एरवी याचं उत्तर लेक द्यायची, अभिमानाने, ते तोंड उघडायच्या आत. आज ती बाहेर पाहत होती.

"हो बाळा," वैद्यबुवा म्हणाले. "मीच करतो."

पोरीने चादरीची घडी बाजूला ठेवली. मग पुढे सरकून तिने मधली लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.